टॉवेलाखालच्या गप्पा

आमच्या निघोज्यात कांदा काढणीला आला, की ते सगळ्यात आधी तनूला कळतं. तनू माझी लेक, वय वर्षं दहा. तिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढा फरक समजतो. बाकीचं सगळं जग तिच्याकडे हातांनी, पायांनी आणि नाकाने येतं. दर वर्षी, आमच्या कुणाच्या लक्षात यायच्या आत, ती एका सकाळी उंबऱ्यात उभी राहते, नाक वर करून वारा हुंगते आणि जो कुणी जवळ असेल त्याच्या तळहातावर दोन बोटं दाबते. दोन बोटं म्हणजे शेत.

यंदा जवळ मी होते. सकाळच्या शिफ्टची गडबड, एका हातात डबा, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली, आणि बाईसाहेबांनी चौकट धरून रस्ता अडवलेला. तिने माझी मूठ उघडली, किल्ली पडली ती पडली, आणि दोन बोटं दाबली. मी तिच्या मनगटावर संध्याकाळची खूण केली. तिने पुन्हा दोन बोटं दाबली, या वेळी जरा जोरात. मी पुन्हा संध्याकाळ. तिने तिसऱ्यांदा. हा वाद घालायचा गुण तिने कुणाकडून घेतला, हे विचारायला नको. आमच्या घरात तो माझ्याशिवाय कुणाकडेच नाही.

मला मात्र त्या दोन बोटांनी सरळ चार वर्षं मागे नेऊन उभं केलं. कांद्याचा वास आला, की मला दुसरं काही आठवतच नाही, तो एक हंगामच आठवतो. लोकांना दहावीचं वर्ष आठवतं, लग्नाचं वर्ष आठवतं. मला तनूच्या सहाव्या वर्षीचा तो चैत्र आठवतो, आणि त्यात मी इतकी भांडले, की आता आठवून माझं मलाच हसू येतं.

आमच्या रानाच्या तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती आहेत. उरलेल्या तुकड्यात नाना, म्हणजे माझे सासरे, दर वर्षी कांदा लावतात. गावातल्या बऱ्याच जणांची जमीन गेली, त्यांनी गाळे काढले, खोल्या बांधल्या, पोरांना गाड्या घेऊन दिल्या. नानांचं म्हणणं एकच, की सगळंच भाड्याने दिलं तर सकाळी उठून जायचं कुठं? माझा नवरा, संदीप, फोर्कलिफ्ट चालवतो. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते. काढणीच्या दिवसांत आम्ही दोघंही कामावरून थेट रानात उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी लाइनवरच्या बायका नाकाला रुमाल लावून विचारतात, काय गं वैशाली, आज भज्यांचा बेत का?

त्या वर्षीही असाच कांदा उपटून पडला होता. बायका ओळीत बसून विळ्याने पात कापत होत्या, आणि बाभळीच्या सावलीत, कांद्याच्या ढिगाशेजारी, तनू बसली होती. ढीग तिला फार आवडायचा. ती त्यात कोपरापर्यंत हात घालायची, कांदे गालाला लावायची, सालं चुरगाळून त्यांची कुरकुर ओठांवर घ्यायची. आणि मधूनच एखादा कांदा उचलून लांब भिरकावून द्यायची. एक तर पात कापणाऱ्या काकूंच्या पाठीतच बसला. मी धावत गेले, तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तिला ढिगापासून लांब नेऊन बसवलं. मग जे व्हायचं तेच झालं. तिने किंकाळी फोडली आणि स्वतःचं मनगट चावलं. त्या दिवसांत तिच्या डाव्या मनगटावर कायम दातांची खूण असायची. ती खूण बघून माझ्या पोटात तुटायचं, आणि पोटात तुटलं की मला राग यायचा. माझं हे असंच आहे.

नाना तेवढ्यात उठले. ते वाफ्यात फिरून तिने भिरकावलेले कांदे गोळा करून आले आणि एकेक माझ्या हातात दिला. सगळे मऊ. मानेशी सडायला लागलेले. मी दिवसभर कंपनीत हेच करते, चांगला माल इकडे, खराब माल लाल पेटीत, आणि माझी पोरगी माझ्यासमोर तेच करत असताना मी तिला शिक्षा केली होती. नाना एवढंच म्हणाले, की पोरगी गप न्हाई, आपल्याला तिचं उमगत न्हाई.

नानांना हे आधीपासून माहीत होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी त्यांच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. संध्याकाळी रानातून आल्यावर दोघं ओट्यावर बसायची. नानांच्या खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर पसरलेला असायचा, आणि त्याखाली काहीतरी हलत असायचं. मी भाकरी थापता थापता बघायची आणि मनात म्हणायची, म्हातारा नातीचे हात दाबून देतोय, बरंय. वर्षभर मी तेच समजत होते. त्या दिवशी कांदे हातात घेऊन मी पहिल्यांदा विचारलं, नाना, तुम्ही टॉवेलाखाली करता काय?

नाना तरुणपणी चाकणच्या बैलबाजारात नावाजलेले. स्वतः हेडी नव्हेत, म्हणजे बैलांची खरेदी-विक्री हा त्यांचा धंदा नव्हता; पण दोन पार्ट्यांमध्ये सौदा अडला, की लोक नानांना मध्ये घालायचे. तेव्हा तिथे तोंडाने भाव बोलायची रीतच नव्हती. उपरण्याखाली हातात हात, आणि सगळी बोलणी बोटांनी. भोवती शंभर माणसं उभी, पण दोघांत काय चाललंय ते कुणाला पत्ता नाही. तनू पाळण्यात होती तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, की हिला दिसणार नाही, ऐकू येणार नाही. मी रडले, संदीप रडला, आणि नानांनी म्हणे मनात विचार केला, की आपण तर आख्खा बाजार न बघता न बोलता केला, मग या पोरीशी बोलायला काय अडचण आहे? तिला हात आहेत ना?

मग त्यांनी तिला त्यांच्या बाजाराची भाषा शिकवली, नातीपुरती बदलून. दोन बोटं दाबली की शेत. अंगठा तळहातावर गोल फिरवला की आणखी दे. हात काढून घेतला की नाही. आणि सगळ्यात आधी, काहीही बोलायच्या आधी, आपला तळहात उघडा करून तिच्या हाताखाली धरायचा आणि थांबायचं. त्याचा अर्थ, बोल, तुझं काय म्हणणं आहे? बाजारातही सौद्याची सुरुवात अशीच व्हायची म्हणे. मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझा तळहात तनूच्या हाताखाली धरला. भाकरीचं पीठ लागलेला. तिने तो हुंगला, बोटं मोजल्यासारखी चाचपली आणि अंगठा गोल फिरवला. आणखी. काय आणखी ते मला आजही माहीत नाही, पण मी त्या दिवशी तिला दोन भाकऱ्या खाऊ घातल्या.

आता गंमत बघा. मी ज्या लाइनवर काम करते तिथे मशीनचा आवाज असतो, कानात बोळे असतात. चहाला चल, सुपरवायझर आला, पोटात दुखतंय, नवऱ्याशी भांडून आलेय, हे सगळं आम्ही बायका हातांनी बोलतो. वायर खाचेत नीट बसली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. बोटाला बारीक टिक लागते, तिच्यावरून कळतं. आठ तास मी बोटांवर पगार घेत होते, आणि घरी येऊन शेजारणीला सांगत होते, की आमच्या तनूला नाही हो बोलता येत.

नेमका त्याच आठवड्यात शाळेतून आयईपीचा कागद आला. तनूची विशेष शाळा पिंपरीला आहे, बाजाराच्या मागच्या गल्लीत. आयईपी म्हणजे त्या एका मुलाने पुढच्या वर्षभरात काय काय शिकायचं, याचा आराखडा. पालकांनी वाचायचा, सही करायची. मागची दोन वर्षं मी न वाचताच सही केली होती, कारण शाळेने घेतलं हेच मला उपकारासारखं वाटायचं. या वेळी वाचला. तनू पंधरा मिनिटं एका जागी बसेल. तनू चमच्याने खाईल. तनू दहा मणी ओवेल. तनू वर्गात किंचाळणार नाही. संपला कागद. तनू कुणाला काय सांगेल, काय मागेल, कशाला नको म्हणेल, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी संदीपला म्हटलं, एका जागी तर कांद्याचं पोतंही बसतं. चार महिने बसतं. त्याला कुणी हुशार म्हणत नाही. संदीप स्वभावाने गरीब. त्याचं म्हणणं पडलं, की मॅडमना दुखवू नकोस, जवळपास दुसरी शाळा नाही, असली मुलं कुणी घेत नाही. त्याचं खोटं नव्हतं. पण कंपनीत मी एक गोष्ट शिकले होते. तपासणीच्या कागदावर जे लिहिलेलं असतं, तेच तपासलं जातं. जे लिहिलेलं नसतं ते कुणाच्या बापाला दिसत नाही. शाळेच्या कागदावर बोलणं नसेल, तर वर्षभर कुणी तनूशी बोलणार नव्हतं. तिला बसवणार होते, मणी ओवायला लावणार होते, आणि ती मनगट चावत राहणार होती. अशी चार-पाच वर्षं गेली, की ती हात पुढे करायचंच सोडून देईल, याची मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर इतकी भीती मला तिच्या जन्माच्या वेळीही वाटली नव्हती.

मग मी माझ्या पद्धतीने तयारीला लागले. कंपनीतल्या चेकशीटसारख्या रेघा आखल्या आणि तनूच्या बोलण्याची सतरा ध्येयं लिहून काढली. प्रत्येकापुढे ओके आणि नॉट ओकेचे रकाने. संदीप म्हणाला, एवढ्यात तर आख्खी गाडी पास होते. मी त्याला म्हटलं, तू फोर्कलिफ्ट बघ. नानांनी माझा कागद उलटासुलटा करून बघितला, परत दिला, आणि सांगितलं की ते पण येणार. मी नको म्हटलं. शाळेत इंग्रजी शिकलेल्या मॅडम असतील, तिथे बैलबाजाराच्या गोष्टी कशाला? नानांनी टोपी झटकली, नवा टॉवेल खांद्यावर टाकला आणि रिक्षात आमच्या आधी जाऊन बसले.

संदीप कामावर गेला, आणि मोशी, भोसरी असं करत मी, तनू आणि नाना शाळेत पोहोचलो. तिघांच्याही अंगाला कांद्याचा वास. मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, आणि रुपाली टीचर, म्हणजे तनूच्या वर्गाच्या बाई, दोघी बसल्या होत्या. रुपाली टीचर वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. वर्गात आठ मुलं, आठांच्या आठ तऱ्हा, आणि दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही असं मूल त्यांनी तनूच्या आधी कधी बघितलेलं नव्हतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की संवाद ही पुढची पायरी. आधी मूल बसायला हवं, लक्ष द्यायला हवं. तनूला अजून काही सांगायचं आहे असं दिसत नाही. शिवाय जे मोजता येत नाही ते ध्येय म्हणून लिहिता येत नाही.

मोजायचं म्हटल्यावर मी माझी सतरा कलमी चेकशीट टेबलावर ठेवली. मोठ्या मॅडमनी चष्मा लावून ती सगळी वाचली. मग चष्मा काढून मला विचारलं, की तुम्ही कुठे कामाला आहात? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, वाटलंच.

मी म्हटलं, माझी मुलगी बोलते, आत्ता दाखवते. नानांनी सतरंजीवर तनूसमोर बसकण मारली. टॉवेल पसरला, खाली तळहात उघडा धरला. बोल. आम्ही सगळे वाकून बघत होतो. तनूने हात लावला, नानांना ओळखलं, आणि हात काढून घेतला. नाना थांबले. थोड्या वेळाने पुन्हा तळहात धरला. तिने पुन्हा काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. रोज ओट्यावर चुरूचुरू बोलणारी पोरगी, आणि आज नेमकी अशी. रुपाली टीचर माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागल्या, की मला त्यापेक्षा त्यांनी रागावलेलं चाललं असतं. ही खोली तिला नवीन आहे, होतं असं, असं म्हणत त्या खाली बसल्या, तनूचं मनगट धरलं आणि तिचा हात ओढून नानांच्या तळहातावर ठेवायला लागल्या. तनूने किंकाळी फोडली आणि दुसरं मनगट तोंडात घातलं.

"मॅडम, हात सोडा तिचा," नाना म्हणाले.

त्यांनी सोडला. नाना तसेच बसून राहिले. आवाज चढवला नाही, काही नाही. बाजारात दोन अडेल माणसांच्या मध्ये बसल्यावर बोलत असतील तसे बोलले.

"तिनं न्हाई म्हनलं. एकदा न्हाई, दोनदा म्हनलं. ती मुकी न्हाई बाई, ऐकू आलं न्हाई ते आपल्याला."

मग नानांनी बाजाराची रीत सांगितली. सौद्यात समोरच्याने हात काढून घेतला, की बोलणं थांबलं. का थांबलं ते विचारायचं नाही, त्याचा हात ओढून परत घ्यायचा तर अजिबात नाही. आज ओढला, तर पुढच्या बाजारी तो माणूस हातच देत नाही. आपण आपला तळहात उघडा ठेवून बसायचं. त्याला वाटलं तर तो येतो. आणि नाना खरोखर तसेच बसले, टॉवेलाखाली हात उघडा ठेवून. चहा आला. आम्ही तिघींनी तो प्यायला. फार लक्ष देऊन प्यायला.

कप खाली ठेवेपर्यंत तनूची मान वळली होती. तिने हाताने सतरंजी चाचपली. टॉवेलाचं टोक सापडलं, त्याचा वास घेतला, आणि हात आत घातला. टॉवेल हलला. नाना हसले, आणि मग त्यांनी टॉवेल बाजूला केला, सगळ्यांना दिसावं म्हणून. नानांच्या रापलेल्या तळहातावर तिची दोन बोटं रुतली होती. काय म्हणतेय, मोठ्या मॅडमनी विचारलं. मी सांगितलं, की ती म्हणतेय इथे पुरे झालं, शेतात चला. मोठ्या मॅडम म्हणाल्या, की तिला सांगा, मलाही तिकडेच यावंसं वाटतंय.

त्यानंतर मात्र खरा सौदा झाला, उघड्यावर, टॉवेलाशिवाय. माझी सतरा ध्येयं, त्यांचा एकच वर्ग, दोनच हात. शेवटी तीनवर आलो. पहिलं मोठ्या मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं. तनू "नाही" म्हणेल, आणि समोरची व्यक्ती ते मानेल. रुपाली टीचरनी शंका काढली, की यातला अर्धा भाग तर आपल्याबद्दल आहे, तनूबद्दल नाही. तो कसा मोजायचा? मोठ्या मॅडम म्हणाल्या, आधी तोच मोजायचा. दुसरं, तनू दोन वस्तूंमधून हवी ती निवडेल. तिसरं माझ्या जिवाचं होतं. तनू स्वतःहून बोलणं सुरू करेल. म्हणजे नुसतं मागणं नव्हे. दोन बोटं तर ती दाबतच होती. तिने आपणहून कुणाकडे जावं, हात उघडा धरावा आणि विचारावं, बोल, तुझं काय? तिच्या जगात दुसरंही कुणी माणूस आहे आणि त्याला काही म्हणायचं असेल, हे तिला वाटावं. यावर मोठ्या मॅडमनी मान हलवली. त्या म्हणाल्या, हे फार लांबचं आहे. मी अडून बसले. तेव्हा त्यांनी ते लिहिलं, पण पुढे कंसात टाकलं, पुढील वर्षी विचार करू.

तो कंस गेली चार वर्षं तसाच आहे. बाकी कागद बदलत गेला. मणी गेले, वस्तूंची पेटी आली. चमचा म्हणजे जेवण, चपलेचा पट्टा म्हणजे बाहेर, आणि कांद्याचं वाळलेलं साल म्हणजे घरी जायचं, हे रुपाली टीचरनीच शोधून काढलं. एकदा त्यांनी मला फोन करून तक्रार केली, की तनू दिवसभर नाही, नाही, नाही म्हणते आणि आम्हाला मानावं लागतं. मी म्हटलं, टीचर, माझ्याही घरी तेच चाललंय, सही तुम्हीच घेतलीत. आम्ही दोघी खूप हसलो. मनगटावरची खूण कधी गेली ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस तिला बांगडी घालताना बघितलं, तर तिथे नुसतं मनगट होतं.

तिसऱ्या ओळीवरून मात्र दर चैत्रात माझी आणि मोठ्या मॅडमची खडाजंगी ठरलेली. त्या म्हणतात, वैशालीताई, बघा, अजून नाही. मी म्हणते, असू दे, पण खोडायचं नाही. कागदावर आहे तोवर कुणीतरी वाट बघेल. मी विचार करते, की आपल्याला तरी हे किती जमतं? मला तर नाहीच जमत. मी कुणाला विचारलं, की बोल, तुझं काय, तर त्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच देते. संदीपला विचारा. माझ्या लेकीने करावं म्हणून मी जे ध्येय शाळेशी भांडून लिहून घेतलं, त्यात मी स्वतः नॉट ओकेच्या रकान्यात आहे.

यंदाचा कागद गेल्या आठवड्यात आला. त्याच आठवड्यात नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा आधीचाच धूसर. कानाचं मशीन त्यांना दोन वर्षांपूर्वी घेऊन दिलंय, पण ते शिट्टी मारतं म्हणून फडताळात पडून असतं. ऐन काढणीत घरात बसायला लागल्यामुळे नाना नुसते चिडलेले. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी कानाशी ओरडून विचारायची, चहा देऊ का, पाय चेपू का, रेडिओ लावू का? ते हात झटकायचे. मी तरी पुन्हा विचारायची, आणखी मोठ्याने. संदीपने विचारलं, शेजारच्यांनी विचारलं. सगळे ओरडून गेले, आणि नाना आणखीच भिंतीकडे सरकले.

परवा दुपारी मी शिफ्टवरून आले, तर तनू खाटेशी उभी होती. तिने खाटेची कड चाचपली, नानांचा गुडघा चाचपला, मग खुंटीकडे गेली आणि टॉवेल काढून आणला. तो तिने नानांच्या मांडीवर पसरला. एका बाजूला दुमडला होता तो सरळ केला. मग जमिनीवर बसून टॉवेलाखाली हात घातला आणि थांबली. मी पिशवी हातात धरून दारातच उभी राहिले. तिला कुणी पाठवलं नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतंच. टॉवेल जिथे उंचावला होता, तिथे नानांच्या हाताखाली तिचा तळहात उघडा होता.

नानांनी हात काढून घेतला. तनू हलली नाही. तिने हात ओढला नाही, हलवलं नाही, किंकाळी नाही, काही नाही. नुसती बसून राहिली. मला मध्ये पडायची इतकी उबळ आली, की मी पदर तोंडात धरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेर रस्त्यावर कंटेनर अडकले होते आणि त्यांचे हॉर्न वाजत होते, ते फक्त मला ऐकू येत होते. मग नानांचा हात हळूहळू पुन्हा टॉवेलाखाली गेला. टॉवेल हलला, आणि मला न बघताही कळलं, की दोन बोटं दाबली गेली.

तनू उठली. कोपऱ्यातून नानांच्या वहाणा शोधून आणल्या, त्यांच्या पायांशी ठेवल्या, आणि आपला खांदा त्यांच्या हाताखाली दिला. दोघं दाराकडे निघाली. मी डोळे पुसले आणि लगेच वाटेत आडवी उभी राहून माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडले, की डॉक्टरांनी धुळीत जायला सक्त मनाई केलीय, मुकाट्याने माघारी फिरा. दोघांपैकी एकालाही ऐकू आलं नाही.